मृतभाषी सुलाबाई

वसमत रोडवर संध्याकाळच्या गर्दीत सिद्धोधनची स्कूटी एका भाजीवाल्या म्हातारीच्या टोपलीला निसटती लागली, चार-दोन वांगी रस्त्यावर घरंगळली आणि म्हातारी मान वर न करताच ओरडली, "आरं मुडद्या, डोळे फुटले का तुझे?" एवढेच झाले. परभणीत त्या वेळेला असली वाक्ये चौकाचौकात पडलेली असतात, ज्याला लागतात तोही वळून बघत नाही. पण सिद्धोधनचा जमिनीला टेकलेला पाय काही केल्या उचलेना. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला, मग तिच्या मागच्या टेम्पोने वाजवला. कचेरीत अव्वल कारकून असलेला, शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत टिकवून ठेवणारा हा माणूस स्टँड लावून खाली उतरला, वाहनांच्या मधून वांगी वेचली, टोपलीत नीट रचून ठेवली आणि म्हातारीपुढे उभा राहिला. त्याच्या डोळ्यांना पाणी आले होते आणि चेहऱ्यावर हसू होते. दोन्ही एकदम का आले हे त्याचे त्यालाही कळत नव्हते. "मावशी," तो म्हणाला, "अजून एकदा म्हणा की." म्हातारीने आता कुठे त्याच्याकडे नीट पाहिले. चष्मा, खिशातले पेन, पायातले बूट. तिने पदर सावरला. "न्हाई ओ साहेब, चुकून गेलं तोंडातून. मनावर घिऊ नका," असे म्हणत तिने दोन वांगी त्याच्या हातात कोंबली आणि टोपली उचलून ती रसवंतीच्या आडोशाला जाऊन बसली. तिथून ती त्याच्याकडे जरा भीतीनेच बघत होती. सिद्धोधन वांगी हातात धरून उभा राहिला. शिवी मिळाली होती, पण ती परत घेतली गेली होती, आणि तिच्या जागी साहेब आला होता.

त्याची आजी सुलाबाई मागच्या आठवड्यात सोनपेठजवळच्या गावी वारली. भरपूर जगून, अंगणातल्या बाजेवर, भर दुपारी उन्हात. गावातल्या कुणीतरी ग्रुपवर संदेश टाकला, त्यात 'पार्थिव' असा शब्द होता, आणि तो वाचताना सिद्धोधनला पहिल्यांदा ठसका लागल्यासारखे झाले होते. या बाईने आयुष्यभर चालत्याबोलत्या माणसांना मुडदे म्हटले. पोराला, नातवाला, पोस्टमनला, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला, पाय घासत चालणाऱ्या बैलाला. आणि ती स्वतः मुडदा झाली तेव्हा गाव तिला पार्थिव म्हणत होते. ती ऐकत असती तर म्हणाली असती, ही कोण पारबती, आन माझ्या बाजेवर काय करायली? सिद्धोधन लहानपणी उन्हाळ्यात सारा दिवस कुठे कुठे लपलेला असे, गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे, लिंबाच्या फांदीवर. जेवायच्या वेळेला आजी अंगणात उभी राहून हाक मारी, "कुठं मेलास रे मुडद्या?" आणि तो जिथे असेल तिथून ओरडे, "हितंच हाय." हाक आणि ओ, दोन्ही ठरलेले. त्या हाकेत भाकरी तव्यावरून उतरल्याची बातमी असे, ऊन डोक्यावर आल्याची काळजी असे, आणि लाड म्हणून जे काही असते ते सगळे असे. ज्याला मुडद्या म्हटले त्याने खुशाल राहावे. ज्याला भाड्या म्हटले त्याने थोडे जपून राहावे. पण ज्याला सुलाबाईने अहो म्हटले त्याची खैर नसे. गावातला एक सावकार तिच्या मजुरीतले पैसे कापायचा, त्याला ती भर चावडीत "या मालक, बसा मालक" म्हणाली होती, आणि तो माणूस महिनाभर त्या गल्लीतून गेला नव्हता म्हणतात.

म्हणूनच सिद्धोधनला एक गोष्ट आठ दिवस आतून कुरतडत होती. निवडणुकीच्या कामामुळे त्याचे गावी जाणे बरेच महिने लांबले होते. मागच्या महिन्यात तो कसाबसा गेला, तेव्हा आजी बाजेवर उन्हाला बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिले, पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "या साहेब. बसा. च्या घ्या." तो बसला. चहा घेतला. पाहुण्यासारखी बशी हातात धरून त्याने पावसापाण्याचे विचारले. तिनेही पाहुण्यासारखी उत्तरे दिली. चारच्या गाडीने तो परतला आणि ती पुन्हा त्याच्याशी बोलली नाही, म्हणजे बोलायला उरली नाही. आता ती रागावली होती की तिने त्याला ओळखलेच नव्हते? ओळखले नसेल तर तो तिच्या लेखी मेला होता. ओळखले असेल तर तो मालकाच्या पंगतीत बसला होता. कोणते दुःख कमी ते ठरवता येत नव्हते. कचेरीत फायलीवर शेरा मारताना, दाढी करताना, दात घासताना ते "च्या घ्या" त्याच्या कानात येई आणि तो थुंकायचे विसरून आरशात बघत राही.

वांगी डिकीत टाकून तो फ्लेक्सच्या दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी गावी आजीच्या श्रद्धांजलीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. फ्लेक्सचा मजकूर त्याच्या वडिलांनी, निवृत्त शिक्षक भगवानराव गुरुजींनी, गावाहून दुकानदाराला फोनवर सांगितला होता. गावात रेंज लिंबाखालीच येते आणि तीही वारा असेल तशी. दुकानदाराने फ्लेक्स टेबलावर उलगडला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, "बघून घ्या साहेब. फोटोत आजीचं तोंड उघडं होतं. मी ते कॉम्प्युटरवर बंद करून दिलं." सिद्धोधनने पाहिले. तो फोटो त्याने स्वतःच काढलेला होता, आणि तोंड उघडे होते कारण ती त्या क्षणी फोटो काढणाऱ्याला शिवी देत होती. आता तिथे दोन गुळगुळीत ओठ मिटलेले होते, कुणा दुसऱ्याच बाईचे, बहुधा एखाद्या अध्यक्षीणबाईंचे. आयुष्यभरात जे कुणाला जमले नाही ते या पोराने माउसच्या दोन टिचक्यांनी केले होते. सिद्धोधन त्या ओठांकडेच बघत राहिला. खाली काय लिहिले आहे ते त्याने वाचले नाही. दुकानदाराने गुंडाळी करून रबर लावले आणि तो ती काखेत धरून निघाला.

घरी पोहोचेपर्यंत भगवानरावांचा फोन आला. भगवानराव फोनवरही प्रमाण भाषेत बोलत. त्यांनी बजावले की भन्तेजी येणार आहेत, तालुक्याचे साहेबलोक येणार आहेत, कुटुंबाच्या वतीने तू बोलायचे आहेस. मायीचे कष्ट सांग, माया सांग. ती मितभाषी होती, मृदुभाषी होती, असे सांग. "आणि ते दुसरे," भगवानराव घसा खाकरून म्हणाले, "ते काही काढू नकोस. माझी चार माणसांत अब्रू आहे." सिद्धोधन "बरं, दादा" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आले की मृदुभाषी सुलाबाईंबद्दल त्याला सांगण्यासारखे काहीही आठवत नाही. तिच्या शिव्या काढून घेतल्या तर मागे उरत होती एक पांढऱ्या साडीतली कुठलीही म्हातारी. त्याने डोळे मिटून तिचा आवाज आणायचा प्रयत्न केला. शब्द येत होते, पण आवाज मात्र रेंज गेल्यासारखा तुटत होता. आठच दिवसांत तुटत होता. उद्या तो माइकवरून मितभाषी म्हणाला की ती कायमची मितभाषी होणार होती, मग त्यालाही तिचा आवाज पुन्हा सापडणार नव्हता. ही भीती त्याला खरीखुरी वाटली.

सकाळी चहाच्या वेळी त्याने बायकोला, रेणुकाला, जरा आढेवेढे घेत विनंती केली. रेणुका हायस्कुलात शिक्षिका, जातिवंत समजूतदार बाई. नवरा आठ दिवस नीट जेवत नाही हे तिने पाहिले होते. "एकदाच म्हण. मुडद्या. आजी म्हणायची तसं," तो म्हणाला. तिने कपबशी खाली ठेवली, घसा साफ केला, जरा विचार केला आणि म्हणाली, "अहो मुडद्या, चहा घ्या."  मग ती इतकी हसली की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला, आणि तोही हसला. पण त्या हसण्याच्या तळाशी पुन्हा तेच होते, अहो आणि चहा घ्या.

गंगाखेडच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे बस रांगत होती. सिद्धोधनच्या मांडीवर आजीची गुंडाळी होती. खिडकीतून वेचून संपलेल्या कापसाची रानं जात होती. अशाच एका रानातून, कमरेला कापसाची ओटी बांधलेली तशीच, सुलाबाई एकदा शाळेत गेली होती. भगवान तेव्हा दुसरीत होता आणि मास्तर त्याला दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसवायचा. सुलाबाई शाळेच्या दारात उभी राहिली आणि तिने तोंडाचा पट्टा सुरू केला. तिने मास्तराला मुडद्या म्हटले नाही, तो मान त्याला नव्हता. जे म्हटले ते त्या काळच्या पोरांनी म्हातारपणापर्यंत जपून ठेवले आहे आणि ते इथे लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवसापासून भगवान दुसऱ्या रांगेत बसला. पुढे त्या रांगेतून उठून तो शिक्षक झाला, गुरुजी झाला, शुद्धलेखनाच्या वह्या तपासून त्याने तालुक्याच्या दोन पिढ्या लाल करून टाकल्या. आणि सुलाबाई? ती त्याच्या शाळेपुढून जाताना खिडकीतून डोकावून ओरडायची, "मुडद्या, डबा इसरलास की रं." सगळा वर्ग हसायचा. भगवानराव खडू खाली ठेवून बाहेर यायचे, डबा घ्यायचे आणि दारातच हलक्या आवाजात म्हणायचे, माय, मी इथं गुरुजी आहे. ती म्हणायची, गुरुजी त्यायचा. सिद्धोधनला वडिलांचा राग यायचा आणि कीवही यायची. ज्या शिवीने त्यांना आत बसवले तिला ते जन्मभर बाहेर उभी करत आले होते. नावाचेही तेच. विहारातल्या प्रवचनात शुद्धोदन राजाचे नाव सुलाबाईने ऐकले, आवडले, आणि नातवाच्या नामकरणात ती सिद्धोधन म्हणाली. भगवानरावांनी चूक दाखवली तर म्हणाली, राजा तुझा, नातू माझा. नाव तेच राहिले. तिने ते पुन्हा कधीच वापरले नाही.

मांडवात पांढऱ्या कपड्यांची गर्दी होती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या, लिंबाच्या झाडावर कर्णा. पोरांनी फ्लेक्स उलगडून मागच्या बांबूंना बांधला आणि सिद्धोधनने तो पहिल्यांदा वाचला. 'वात्सल्यमूर्ती, मितभाषी, मृतभाषी मातोश्री सुलाबाई यांना विनम्र अभिवादन.' त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचले. मृतभाषी. मुडद्यांची भाषा बोलणारी. वारा पडला होता बहुतेक फोनच्या वेळेला. भगवानराव पाहुण्यांना नमस्कार करण्यात गुंतले होते, त्यांची फ्लेक्सकडे पाठ होती. सांगावे का? सांगितले तर आत्ता सोलापुरी चादर टाकून झाकतील. शिवाय सबंध फलकावर तेवढा एकच शब्द खरा होता. सिद्धोधन मागच्या एका खुर्चीवर जाऊन बसला.

त्याच्या शेजारी बायनाबाई येऊन बसल्या. त्यांचे नि सुलाबाईचे शेत एकाच बांधाला लागून, आणि दोघींनी बांधाच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींचा उद्धार करत उभी हयात काढली होती, अगदी रोजची भाकरी वाटून खाऊन. सिद्धोधनने हळूच विचारले, शेवटी शेवटी आजीला माणसं ओळखू येत होती का. बायनाबाई फ्लेक्सवरच्या मिटलेल्या ओठांकडे बघत होत्या.

"वळखू यायचं की. पर लय गोड बोलायली व्हती. मला म्हणली, या बायनाबाई, बसा. म्या घरी जाऊन रडले. म्हशीलाबी अहो म्हणायली व्हती रे ती."

"मलाबी साहेब म्हणली."

"तर मग. शिव्या सरल्या व्हत्या तिच्या. ज्याच्या त्याच्या वाट्याला दिऊन मोकळी झाली व्हती," बायनाबाई म्हणाल्या आणि नाक पुसले.

म्हशीलाही अहो. सिद्धोधनच्या छातीवरची एक वीट जराशी हलली. म्हणजे राग नव्हता. पण वाट्याला दिल्या म्हणजे कुणाच्या? त्याच्या वाट्याला आली असेल तर ती ठेवली कुठे होती, त्याला तर ती साधी उच्चारताही येत नव्हती. एवढ्यात भन्तेजींनी त्रिशरण पंचशील सुरू केले आणि सगळ्यांनी हात जोडले. चौथ्या शीलाला सिद्धोधन अडखळला. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहीन. याच भन्तेजींनी एका पावसाळ्यात, वर्षावासाला मुक्कामी असताना, गावात वाणीच्या संयमावर प्रवचन दिले होते, तेव्हा सुलाबाई बायकांतून उठून उभी राहिली होती. "पाच शिलात खोटं बोलू नये असं हाय. शिवी दिऊ नये असं कुठं हाय?" भन्तेजी म्हणाले होते, बाई, ते अष्टांगिक मार्गात येते. "ते आठ मोठ्या लोकायचे. आमाला पाच बास," असे म्हणून ती बसली होती, आणि भन्तेजींना चीवराचे टोक तोंडाला लावावे लागले होते.

मग भाषणे झाली. माजी सरपंच म्हणाले, आईंच्या तोंडून कधी कुणाला वावगा शब्द गेला नाही. सुलाबाईच्या तोंडून सर्वांत जास्त शब्द त्यांनाच गेले होते. बायकांच्या बाजूला खोकल्याची साथ आल्यासारखी झाली. तालुक्याचे साहेब म्हणाले, त्या शांततेची मूर्ती होत्या. ते तिला कधी भेटलेच नव्हते, तेव्हा त्यांना माफ होते. आणि मग कुणीतरी सिद्धोधनचे नाव पुकारले. तो माइकपुढे गेला. समोर पांढरी गर्दी, मागे आजीचे बंद तोंड, बाजूला खुर्चीवर वडील, दोन्ही हात गुडघ्यांवर, परीक्षेला बसवलेल्या पोराच्या बापासारखे. "आमची आजी," तो म्हणाला. कर्ण्याने ते गावभर नेले. "आमची आजी मि..." पुढे जीभ जाईना. घेतलेले शील अजून ओले होते. खरे बोलावे तर बापाची अब्रू, खोटे बोलावे तर आजी गेली.  कुठेतरी भांडे पडले. सिद्धोधनचे पाय कालच्यासारखे जमिनीला चिकटले.

भगवानराव उठले. ते वाकून वाकून, मांडवाला दिसू नये अशा बेताने माइकपाशी आले आणि कुजबुजले, "मितभाषी. मितभाषी म्हण." सिद्धोधन दचकून मागे सरला, त्याचा पाय वायरीत गुंतला आणि माइकचा लोखंडी स्टँड भगवानरावांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. "आरं मुडद्या," भगवानराव ओरडले, "डोळे फुटले का तुझे?" अंगठा धरायला वाकलेल्या त्यांच्या तोंडाशीच पडलेला माइक होता. लिंबावरच्या कर्ण्यातून ते घराघरांत, गोठ्यांत, बांधापलीकडच्या रानापर्यंत गेले. आणि तो भगवानराव गुरुजींचा आवाज नव्हता. तीच पट्टी, तोच 'मु'वरचा दाब, शेवटी तोच वर जाणारा हेल. बायनाबाई बसल्या जागी दोन्ही हात गालावर ठेवून म्हणाल्या, "आली गं बाई सुला." मग मांडव फुटला. आधी बायका हसल्या, मग सरपंच, मग हसता हसता निम्मे लोक डोळे पुसायला लागले. भन्तेजींनी चीवराचे टोक पुन्हा तोंडाला लावले. सिद्धोधनने स्टँड उभा केला आणि माइकमध्ये म्हणाला, "मला जे सांगायचं होतं ते दादांनी सांगितलं," आणि तो खाली आला.

भगवानराव लंगडत येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांचे कान लाल झाले होते. सिद्धोधनने पुढे बघत हळूच विचारले, "दादा, मघाशी मला काय म्हणालात?"

"मी? मी काही म्हणालो नाही," भगवानराव प्रमाण भाषेत म्हणाले. "स्टँड पडला, त्याचा आवाज झाला."

चौथे शील घेऊन तास उलटला नव्हता. शिवीचे सुलाबाईने समजून घेतले असते, याचे नसते घेतले. मुलाची नजर चुकवायला भगवानरावांनी मान वळवली आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांची नजर फ्लेक्सवर गेली. ते वाचायला लागले. लाल पेन शोधत त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ओठ एकेक अक्षर जुळवत होते. मृ. त. मग ते सावकाश सिद्धोधनकडे वळले. आता माइक लांब होता, ऐकायला कुणी नव्हते, अंगठ्यावर काही पडलेले नव्हते.

"मुडद्या," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते, "हे वाचायच्या वक्ताला कुठं मेला व्हतास?"

"हितंच हाय, दादा," सिद्धोधन म्हणाला.